आफ्रिकन पारंपरिक वाद्यं आणि नोटेशन सॉफ्टवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युगांडाचं अमादिंडा (लाकडी पट्ट्यांचं), झिम्बाब्वेचा एम्बिरा (लोखंडी पात्यांचा), घाना-टोगोतले एवे लोकांचे ढोल आणि पश्चिम आफ्रिकेतला कोरा (तारांचा), एवढीच वाद्यं धरून ही उत्तरं लिहिली आहेत. ‘आफ्रिकन संगीत’ नावाची एकच एक गोष्ट नाही. त्यामुळे अख्ख्या खंडाला लागू पडेल असा नियम इथे शोधू नका. म्यूझस्कोर हे नोटेशन सॉफ्टवेअर उघडून चार ओळी लिहिता येतात, एवढं येत असेल तर पुढचं सगळं समजेल.

ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या कानावर शिकली गेली. मग आता लिहायची कशाला?

कानावरची विद्या माणसांच्या आधाराने जगते, आणि माणसं एका दिवसात पांगू शकतात. युगांडात हे घडलंय. बुगांडा हे युगांडातलं जुनं राज्य, तिथल्या राजाला कबाका म्हणतात. कंपालातल्या मेंगोच्या टेकडीवर त्याचा लुबिरी राजवाडा, आणि तिथे बासऱ्या, ढोल, झायलोफोन वाजवणाऱ्यांचे वेगवेगळे ताफे. २४ मे १९६६ रोजी युगांडाचे सत्ताधीश मिल्टन ओबोटे यांच्या सैन्याने राजवाड्यावर हल्ला केला. कबाका मुतेसा दुसरे निसटून इंग्लंडला गेले, वाद्यांची नासधूस झाली, वादक वाट फुटेल तिकडे गेले. पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं, ते परत आलं थेट १९९३ मध्ये.

मधल्या काळात दरबारी रचना तगल्या त्या दोन कारणांनी. एवारिस्तो मुयिंडा, अल्बर्ट स्सेम्पेके यांच्यासारखे जुने दरबारी वादक शिकवत राहिले, हे पहिलं. दुसरं म्हणजे हल्ल्याच्या आधीच बरंच काही कागदावर आलं होतं. जोसेफ क्यागाम्बिड्वा या गांडा संगीतकाराचं पुस्तक १९५५ साली निघालं. ऑस्ट्रियाचे गेरहार्ड कुबिक १९५९ च्या सुमाराला मुयिंडांसमोर शिकायला बसले आणि शिकलेली प्रत्येक रचना १ ते ५ या आकड्यांत (सप्तकातले पाच स्वर, खालून वर) उतरवत गेले. भातखंड्यांच्या पोथ्या वाचून कुणी ख्यालगायक होत नाही, पण बंदिश हरवतही नाही. इथेही तेच झालं.

रेकॉर्डिंग आहे की! दक्षिण आफ्रिकेतल्या संग्रहात हजारो ध्वनिमुद्रणं आहेत म्हणे.

आहेत. ह्यू ट्रेसी यांनी १९५४ साली इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ आफ्रिकन म्युझिक स्थापन केली, ती आता मखांडातल्या ऱ्होड्स विद्यापीठात आहे. लुबिरीतल्या वादकांची, म्हणजे हल्ल्याच्या आधीची, ध्वनिमुद्रणंही ट्रेसींनी केली. ती अनमोल आहेत. पण नुसत्या रेकॉर्डिंगवरून अमादिंडा शिकता येत नाही. का, ते जरा नीट पाहू. या पानावरची बाकी सगळी उत्तरं याच मुद्द्यावर उभी आहेत.

अमादिंडात बारा लाकडी पट्ट्या केळीच्या दोन खुंटांवर आडव्या ठेवलेल्या असतात. वाजवणारे तिघे. पहिल्या दोघांनी समोरासमोर बसायचं. दोघंही दोन्ही हातांनी एकच स्वर दोन सप्तकांत वाजवतात, पण एकाचा आघात दुसऱ्याच्या दोन आघातांच्या बरोबर मध्ये पडतो. तिसऱ्याकडे टोकाच्या सगळ्यात उंच दोनच पट्ट्या. पहिल्या दोघांच्या वाजवण्यात खालचे १ आणि २ हे स्वर जिथे जिथे येतात, तिथे तिथे त्याने तेच स्वर वर वाजवायचे. सरावासाठी एक छोटा तुकडा देतो. तो मीच रचलाय, दरबारी रचना याच्या कितीतरी पट लांब असतात.

पहिला (ओकुनागा):   ५ – ३ – २ –
दुसरा (ओक्वाउला):   – १ – ४ – २
एकत्र:   ५ १ ३ ४ २ २
तिसरा (ओकुकूनेरा):   – १ – – २ २

आता हे भरधाव वाजतंय असं समजा. पहिल्या दोघांचे मिळून मिनिटाला ५०० च्या वर आघात सहज होतात. त्या वेगात कान वरचे स्वर एकत्र बांधतो आणि खालचे वेगळे. वर ऐकू येते ५–३–४ अशी चाल. ती वाजवतंय कोण? कुणीच नाही. ५ आणि ३ पहिल्याचे, ४ दुसऱ्याचा. ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होणाऱ्या अशा चालींवर कुबिकनी १९६० च्या दशकात सविस्तर लिहिलं. रेकॉर्डिंग ऐकून जो स्वरलेखन करायला बसेल, तो इमानेइतबारे नेमकी ही न वाजवलेली चाल लिहील आणि शिकणाऱ्याच्या हातात चुकीचा कागद देईल.

म्हणून कानाला काय येतं ते नंतर, आधी हात काय करतात ते लिहायचं. रेकॉर्डिंग, व्हिडिओ आणि लिखित प्रत या तिन्ही गोष्टी एका फोल्डरमध्ये राहू द्या. एकीची उणीव दुसरी भरून काढते.

म्यूझस्कोरमध्ये अमादिंडा नेमकं कसं मांडायचं?

तीन वादक, तीन स्टाफ. सगळीकडे आठव्या भागाची नोट ही एक मात्रा धरा, टाइम सिग्नेचर लपवा, बारच्या रेषाही लपवा. पहिल्याच्या स्टाफवर विषम मात्रांना नोट आणि सम मात्रांना विश्रांती, दुसऱ्याच्या स्टाफवर याच्या उलट. नोटांखाली लिरिक्सच्या ओळीत १ ते ५ आकडे टाका. शिकणारा बहुधा तेच वाचणार, पाच रेषांचा स्टाफ त्याच्या दृष्टीने नुसती शोभा. आवर्तन संपतं तिथे पुनरावृत्तीची खूण द्यायला मात्र विसरू नका.

नवशिक्यांची फसगत पुढच्या बाबतीत होते. एकत्र स्कोअरमध्ये दुसऱ्या वादकाची प्रत्येक नोट ‘ऑफबीट’ दिसते, पण अमादिंडा वाजवणारा ती तशी धरत नाही. ज्याला त्याला आपलाच आघात ठोक्यावर वाटतो. छापील कागद बघून शिकलेला दुसरा वादक पहिल्याच्या आघातावर मान हलवत स्वतः मध्येमध्ये आघात घुसवायला बघतो आणि वेग वाढला की कोसळतो. त्याच्यासाठी वेगळी फाइल करा. तिच्यात त्याच्या नोटा ठोक्यावर घ्या आणि पहिल्याच्या मधल्या जागांत. म्यूझस्कोरच्या ‘पार्ट्‌स’ सोयीतून हे होत नाही, फाइल हाताने सरकवावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

सूर पेटीशी जुळत नाहीत. सॉफ्टवेअर मात्र बारा स्वरांपलीकडे जात नाही. काय करू?

जातं, पण सांगावं लागतं. बुगांडातल्या वाद्यांच्या सुरांची मोजमापं युगांडा म्यूझियमचे क्युरेटर क्लाउस वाक्समन यांनी १९५० च्या सुमाराला केली होती. तिथल्या सप्तकात पाच स्वर, आणि ते साधारण सारख्या अंतरावर. सप्तकाचे १२०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं एकक) धरले तर एक पायरी २४० सेंटच्या आसपास पडते. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर सा, मग शुद्ध रे ४० सेंट चढा, शुद्ध म २० सेंट उतरलेला, प २० सेंट चढा आणि कोमल नी ४० सेंट उतरलेला. कागदावर अगदी मेघ रागाचे स्वर दिसतात. पण तानपुरा लावून म्हणायला जाल तर दुसऱ्याच स्वरावर अडखळाल.

म्यूझस्कोरमध्ये नोट निवडली की तिच्या गुणधर्मांत सेंटच्या हिशेबाने सूर चढवता-उतरवता येतो. डोरिको या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची स्वरव्यवस्था आखता येते. मात्र २४० हा आकडा डोळे मिटून भरू नका. वाद्य बनवणारा कानाने सूर लावतो, त्यामुळे प्रत्येक पायरी थोडी वेगळी निघते, आणि ते वाद्य तसंच वाजायला हवं असतं. हातातल्या वाद्याची एकेक पट्टी फोनवरच्या ट्यूनरने मोजा. तो तक्ता, वाद्य कुठलं, कुणी घडवलं, कधी मोजलं हे सगळं स्कोअरच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या माणसाला नोटांइतकाच हा तक्ताही लागेल.

ढोलांसाठी ६/८ घ्यावं की १२/८? की ३/४?

या वादात विद्वानांची हयात गेली. ए. एम. जोन्स हे मिशनरी संशोधक होते. वादकांनी धातूच्या पट्टीवर टिचकी मारली की सरकत्या कागदावर खूण उमटेल, असं यंत्र त्यांनी संगणकाच्या कितीतरी आधी बनवलं. पण त्यातून त्यांनी लिहिलेल्या एवे ढोलांच्या स्कोअरमध्ये प्रत्येक ढोलाची बाररेषा वेगळ्या जागी पडते. पान बघूनच छातीत धडकी भरते. घानाचे क्वाबेना न्केतिया आणि पुढे कोफी आगावू यांनी साधी गोष्ट दाखवून दिली. नाचणाऱ्यांचे पाय सगळ्यांना एकच ठोका देत असतात, तो धरून लिहा.

एवे घंटेचा, म्हणजे गांकोगुईचा, हा प्रसिद्ध ठेका बघा. बारा मात्रा, सात आघात:

टं – टं – टं टं – टं – टं – टं

पाय पडतात १, ४, ७, १० या मात्रांवर. त्यातल्या १ आणि १० वर घंटा वाजते, ४ आणि ७ वर गप्प असते. पाय चालवत हे वाजवून बघा. ते जमलं की १२/८ का घ्यायचं हे आपोआप उमगतं. पाय न चालवता केलं तर वर्षभर वाद घालता येतो. १२/८ घ्या आणि पायांची एक स्वतंत्र ओळ स्कोअरमध्ये सगळ्यात खाली कायम ठेवा.

ढोलाच्या आघातांचे प्रकार हा भाग मात्र महत्त्वाचा. किडी या ढोलावर काठी आपटून उचलली तर खुला नाद निघतो, तीच काठी चामड्यावर दाबून धरली की बंद नाद निघतो. दोन्हींसाठी वेगवेगळी नोटहेड ठेवा. म्यूझस्कोरच्या ‘ड्रमसेट’ संपादकात ती एकदा नेमून दिली की प्रत्येक फाइलला वापरता येतात. ढोलाचे तोंडी बोल असतातच. ते शिक्षकाकडून त्याच्या उच्चारात ऐकून घ्या आणि नोटांखाली लिहा. तबला शिकलेल्या वाचकाला यामागचं कारण वेगळं सांगायला नको.

मुलांना स्टाफ वाचता येत नाही. आधी तो शिकवायचा का?

नाही. चौकटींत लिहा. एक चौकट म्हणजे एक मात्रा, आघात असेल तर खूण, नसेल तर कोरी. ही पद्धत १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फिलिप हारलँड यांनी रुजवली, आणि जेम्स केटिंग यांच्या १९७० च्या लेखातून ती सगळीकडे गेली. अशा चौकटी एक्सेलमध्येही झकास होतात. स्वच्छ सांगायचं तर दोन-तीन ढोलांचा वर्ग घ्यायचा असेल तर नोटेशन सॉफ्टवेअरपेक्षा एक्सेल बरं.

एम्बिराचं काय? तो तर एकटाच वाजवतो.

वाजवणारा एकटा असला तरी ओळी तीन असतात. एम्बिरा झावाद्झिमू या प्रकाराच्या फळीवर लोखंडी पात्यांच्या तीन रांगा असतात. डावीकडच्या दोन रांगा डाव्या अंगठ्याकडे, उजवीकडची रांग उजव्या अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे. अंगठा पातं खाली दाबतो, तर्जनी खालून वर उचलते, आणि करंगळी फळीच्या भोकात अडकवून वाद्य पेललं जातं. पात्यांची संख्या साधारण २२ ते २८. म्हणजे स्टाफवर एक स्वर लिहून भागत नाही, तो कुठल्या रांगेतून काढायचा हेही लिहायला हवं. तीन रांगांना तीन नोटहेड हा सोपा उपाय.

रचनेचं आवर्तन बहुधा ४८ मात्रांचं, म्हणजे बारा-बाराचे चार तुकडे. दुसरा वादक साथीला आला की पहिला कुशाउरा वाजवतो आणि दुसरा कुत्सिन्हिरा. काही रचनांमध्ये कुत्सिन्हिरा म्हणजे जवळजवळ तोच भाग, फक्त एक मात्रा मागे. सॉफ्टवेअरमध्ये कॉपी करून एक आठवा भाग सरकवला की स्कोअर तयार, पण वाजवताना दोघांचीही परीक्षा असते. होशो, म्हणजे भोपळ्याचे खुळखुळे, यांची ओळही सोडू नका. सगळा ठेका त्यांच्यावर उभा असतो.

फळीवर आणि एम्बिरा ज्यात ठेवून वाजवतात त्या भोपळ्यावर बसवलेल्या शिंपल्यांचा किंवा बाटलीच्या बुचांचा जो झणझणाट होतो, तो लिहिता येत नाही. बाहेरच्या माणसाला तो बिघाड वाटतो आणि रेकॉर्डिंग ‘स्वच्छ’ करायला बसला की तो पहिल्यांदा तेच उडवतो. कृपा करून उडवू नका. तो नाद हवाच असतो.

शाळेसाठी न्युंगा न्युंगा हा एम्बिराचा १५ पात्यांचा प्रकार सोयीचा. बुलावायोतल्या क्वानोंगोमा महाविद्यालयात तो शिकवला गेला. तिथे शिकलेले डुमिसानी मरायरे १९६८ पासून सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवू लागले, तेव्हा त्यांनी पात्यांना १ ते १५ आकडे देऊन लिहिण्याची पद्धत वापरली. ती आजही चालते. नवी पद्धत शोधायच्या भानगडीत पडू नका.

ऑनलाइन मिळणारी १७ पात्यांची कलिंबा म्हणजे एम्बिराच ना?

एकाच घरातली, पण तीच नव्हे. पाश्चात्त्य सुरात लावलेलं आणि विकायला ठेवलेलं हे वाद्य १९५० च्या दशकात ह्यू ट्रेसींनी बाजारात आणलं. आज मिळणाऱ्या १७ पात्यांच्या कलिंबा त्याच वाटेवरच्या. तिच्यावर एम्बिराच्या रचना वाजतात, पण सूर वेगळे आणि पात्यांची मांडणीही वेगळी, त्यामुळे हातांच्या सवयी वेगळ्या लागतात. तिच्यावर जरूर खेळा. मात्र जतनासाठी लिहायचं असेल तर खरं वाद्य हाताशी हवं. युनेस्कोने २०२० साली मलावी आणि झिम्बाब्वेच्या नावावर अमूर्त वारशाच्या यादीत घेतली ती एम्बिरा अर्थात सान्सी घडवण्याची आणि वाजवण्याची कला. ‘घडवण्याची’ हा भाग आपण लेखन करणारे हमखास विसरतो. पात्याची लांबी आणि जाडी, लाकूड कुठलं, फोटो, सगळं नोंदवा.

कोरा स्टाफवर लिहिता येतो का?

इतर वाद्यांच्या मानाने सहज. २१ तारा आहेत, ११ डाव्या हाताला आणि १० उजव्या हाताला. वाजवायला दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. सप्तकात सात स्वर. पियानोसारखे दोन स्टाफ घेऊन अंगठ्यांच्या आणि तर्जन्यांच्या नोटांचे दांडे विरुद्ध दिशांना वळवले की काम होतं. सेनेगलमध्ये केर मूसा मठातले बेनेडिक्टाइन साधू १९६० च्या दशकापासून प्रार्थनेसाठी कोरा वापरतात. त्यांनी कोरा स्टाफवर लिहायला सुरुवात केली आणि चामड्याच्या कड्यांऐवजी खुंट्या बसवलेला कोराही बनवला. सूर लावण्याच्या चार मुख्य पद्धती आहेत, कुठली धरली ते वर लिहा. कुंबेंगो, म्हणजे फिरत राहणारा मूळ धागा, पूर्ण लिहा. बिरिमिंतिंगो, म्हणजे मध्येच घेतलेल्या धावत्या ताना, यांचे एक-दोन नमुने पुरेत. सगळ्या ताना लिहून काढल्यात तर मुलं त्या पाठ करतील, आणि मग कोरा वाजवणाऱ्या जेलींच्या घरात कुणी त्याला वादन म्हणणार नाही.

प्लेबॅक लावून रियाज करू द्यावा का?

एका वादकाचा भाग बंद करून बाकीच्यांसोबत सराव, यासाठी जरूर. अमादिंडाला दुसरा माणूस मिळत नसेल तर वरदानच आहे. मेट्रोनोमचा टिकटिकाट मात्र बंद ठेवा, ठोका घंटेने किंवा पायाने दिलेला हवा. वेग आधी निम्म्यावर आणा. एम्बिराच्या आवाजासाठी कुठला तरी ‘एथनिक’ नमुना लावण्यापेक्षा साधा मरिंबा बरा. खोटा झणझणाट ऐकून मुलांचे कान बिघडतात.

या रचना कुणाच्या? लिहून इंटरनेटवर टाकल्या तर चालेल का?

‘पारंपरिक’ असं लिहिलं म्हणजे रचना बेवारस ठरत नाही. एम्बिराच्या काही रचना पितरांना बोलावण्याच्या बिरा विधीतल्या आहेत. त्या कुठे वाजवाव्यात याबद्दल घरोघरी मतं ठाम असतात. आफ्रिकेतल्या प्रादेशिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी २०१० साली नामिबियात स्वाकोपमुंड इथे पारंपरिक ज्ञान आणि लोककलेच्या संरक्षणाचा करार केला, तो २०१५ मध्ये अमलात आला. कायद्याचं कलम पुढचं, आधी शिक्षकाला विचारा. त्याचं नाव, गाव आणि त्याने ते कुणाकडून उचललं हे स्कोअरच्या मथळ्यात तुमच्या नावाच्या वर यायला हवं. शीर्षकाखाली ‘अरेंज्ड बाय’ म्हणून स्वतःचं नाव मोठ्या टाइपात टाकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात भर नको. आणि शिक्षक ‘हे नको’ म्हणाला तर ते नकोच.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? आणि दहा वर्षांनी फाइल उघडेल का?

म्यूझस्कोर. फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे आणि ज्याच्याकडून शिकलात त्या कंपालातल्या किंवा हरारेतल्या शिक्षकाला विकत घ्यावं लागत नाही. हातांनी टंकलेलं चालणार असेल तर लिलीपाँडही उत्तम. त्याची फाइल म्हणजे साधा मजकूर, ती कुठेही उघडते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फिनालेने देऊन ठेवलंय. १९८८ पासून चाललेलं, जगभरच्या संगीत विद्यापीठांत रुळलेलं हे सॉफ्टवेअर कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवल्याचं जाहीर केलं. ज्यांचं सगळं लेखन फक्त त्याच्याच फाइलींत होतं त्यांची तारांबळ उडाली. म्हणून प्रत्येक रचना चार प्रकारांत साठवा: मूळ फाइल, म्यूझिकएक्सएमएल (एका नोटेशन सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येणारी फाइल), पीडीएफ आणि आकड्यांची साधी टेक्स्ट फाइल. सेंटची माहिती म्यूझिकएक्सएमएलमध्ये जाता-येता गळू शकते, म्हणून सुरांचा तक्ता वेगळा हवाच. एक संच शिक्षकाच्या फोनवर पाठवा. पीडीएफ आणि व्हिडिओ फोनवर उघडतात आणि चुका सगळ्यात आधी तोच सांगतो.

मी पुण्यात बसून यातलं काय करू शकतो?

मूळ लेखन नाही करू शकत, त्यासाठी वादकासमोर बसावं लागतं. पण आकड्यांत छापलेल्या अमादिंडाच्या रचना आजही बऱ्याचशा कागदावरच आहेत. प्रकाशकाची परवानगी काढून त्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणं हे चिकाटीने बसणाऱ्या कुणालाही जमेल. एक रचना घ्या, पहिल्या दोन ओळी चढवा, तिसऱ्या वादकाची ओळ वरच्या नियमाने स्वतः काढा आणि मग छापील ओळीशी ताडून बघा. जुळली नाही तर बहुतेक वेळा पहिल्या ओळीतच एखादा आकडा चुकलेला असतो.